केस पडली म्हणजे खोटी होती?

या पानांवर आपण कवितेची चिरफाड करतो, कथेची करतो, प्रस्थापितांच्या कादंबरीचं तर हाड न् हाड मोजतो. आज मी एका वाक्याची समीक्षा करणार आहे. हे वाक्य कुठल्या नामवंत लेखकाचं नाही, त्याला कुठला पुरस्कार मिळालेला नाही. पण आपल्या सगळ्यांच्या कविता मिळून जेवढ्या लोकांपर्यंत गेल्या नसतील तेवढ्या लोकांपर्यंत ते एकटं गेलेलं आहे. ढोकीच्या एसटी स्टँडवर ते चहाबरोबर मिळतं. धाराशिवला कोर्टाच्या आवारात मिळतं. अग्रलेखात ते शुद्ध मराठी नेसून येतं, मोबाईलवर फोटोखाली उघडंनागडं येतं. वाक्य असं आहे :

"ॲट्रॉसिटीची केस पडली की राव. म्हंजे खोटीच व्हती."

एवढंच. याच्यावर आपली पोरं काय करतात? कुणी शिवी घालतं. कुणी मान खाली घालून चहा संपवतं. कुणी 'तुमची जातच तसली' म्हणून उठून जातं. तिन्ही वेळा वाक्य जिथल्या तिथं शाबूत राहतं, उलट आणखी लठ्ठ होतं. म्हणून ते वाक्य आधी उघडून बघू. आत काय भरलंय ते कळल्याशिवाय ते फुटणार नाही.

गड्यांनो, कुठल्याही युक्तिवादाला दोन गोष्टी लागतात. पाया आणि सांधा. ज्या विधानांवर आपण उभं राहतो तो पाया. ती विधानं खरी पाहिजेत. आणि त्या विधानांवरून निष्कर्ष निघायलाच पाहिजे, दुसरं काही निघता कामा नये, हा सांधा. तर्कशास्त्राची पुस्तकं या सांध्याला 'वैधता' म्हणतात. इथंच पुष्कळांची गल्लत होते. वैध म्हणजे खरं, असं नव्हे.

बघा. 'घाण काम करणारा प्रत्येक माणूस अस्पृश्य असतो. दवाखान्यातली नर्स रुग्णाची घाण काढते. म्हणून नर्स अस्पृश्य आहे.' सांधा अगदी पक्का आहे. पहिली दोन वाक्यं मान्य केली तर तिसरं मान्य करावंच लागतं. पण पाया सडका. पहिलं वाक्यच खोटं. आता दुसरं घ्या. 'ऊसतोडीला जाणारे सगळे गरीब. माझा शेजारी गरीब. म्हणून माझा शेजारी ऊसतोडीला जातो.' इथं पाया खरा असेल, शेजारी खरोखर गरीब असेल, पण तो घरी शिवणकाम करत असेल, नाहीतर वीटभट्टीवर जात असेल. सांधा तुटलेला आहे. पाया खरा, सांधा तुटका. पाया सडका, सांधा पक्का. दोन्ही घरं राहण्यालायक नाहीत.

आता ते स्टँडवरचं वाक्य घ्या. त्यात दोन तुकडे दिसतात. 'केस पडली' आणि 'केस खोटी होती'. पण यांच्या मधे एक तिसरा तुकडा दडून बसलेला आहे, तो कुणी तोंडानं बोलत नाही. तो म्हणजे, 'जी केस पडते ती खोटीच असते.' हा तुकडा उघड बोलायला लावा. समोरच्याला सरळ विचारा, "पडलेली प्रत्येक केस खोटी असती, असं तुमचं म्हणणं हाय का?" बघा कसा चाचरतो. कारण त्याला जे ठाऊक असतं ते उलटं आहे. 'खोटी केस बहुतेक पडते.' हे असेलही खरं. पण 'खोटी केस पडते' यावरून 'पडलेली केस खोटी' असं निघत नाही. गरीब माणसावरून ऊसतोड निघत नाही तसंच हे.

हे मी काही परक्या देशातून आणलेलं सांगत नाही. इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकात दिङ्नाग नावाचा बौद्ध आचार्य होऊन गेला. कारण पुढं करून निष्कर्ष काढणाऱ्यासाठी त्यानं तीन अटी घालून दिल्या. एक, तुम्ही जे कारण सांगता ते या प्रकरणात हजर पाहिजे. दोन, तशाच दुसऱ्या प्रकरणांतही ते आढळलं पाहिजे. तीन, आणि ही सगळ्यात कडक, जिथं निष्कर्ष लागू नाही तिथं ते कारण चुकूनसुद्धा आढळता कामा नये. डोंगरावर धूर आहे, म्हणून आग आहे, हे चालतं. कारण पाण्याच्या तळ्यावर धूर कधी दिसत नाही. पण आग आहे म्हणून धूर आहे, हे चालत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. तो एक गोळा पुरेसा आहे. हजार चुली दाखवल्या तरी तो गोळा त्या हजारांना भारी पडतो.

तर मग 'केस पडली' हे कारण दिङ्नागाच्या तिसऱ्या अटीवर घासून बघू. जिथं घटना खरी होती तिथंही केस पडलेली आढळते का?

आपल्या भूम तालुक्याच्या पलीकडं जामखेड तालुका, तेव्हाचा अहमदनगर जिल्हा, आताचा अहिल्यानगर. तिथल्या खर्ड्यात २८ एप्रिल २०१४ ला नितीन आगे हा १७ वर्षांचा शाळकरी पोरगा झाडाला लटकलेला सापडला. खुनाचा खटला उभा राहिला. साक्षीदार एकामागून एक फुटले. २३ नोव्हेंबर २०१७ ला नऊ आरोपी निर्दोष सुटले. केस पडली. म्हणजे नितीन मेला नव्हता काय? झाडाला लटकलेला तो देह खोटा होता काय?

मी इथं जपून बोलतोय हे लक्षात घ्या. जे सुटले तेच खुनी, असं मी म्हणत नाही. ते म्हणणं म्हणजे पुन्हा तुटक्या सांध्यावर उभं राहणं होईल. मी एवढंच म्हणतो, की सुटकेवरून 'घटना घडलीच नाही' हे निघत नाही.

दुसरा गोळा आणखी लाल आहे. खैरलांजी. २९ सप्टेंबर २००६. भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली गेली. भंडाऱ्याच्या न्यायालयानं सप्टेंबर २००८ मध्ये आठ जणांना खुनासाठी दोषी धरलं. पण ॲट्रॉसिटीचा कायदा लागू होतो असं मानलं नाही. पुढं २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं फाशीच्या शिक्षा २५ वर्षांच्या कैदेत बदलल्या, आणि ॲट्रॉसिटीचं कलम तिथंही टिकलं नाही. म्हणजे चार खून कोर्टात शाबीत, पण ॲट्रॉसिटीच्या कलमापुरते तेच आरोपी सुटलेले. स्टँडवरचं वाक्य इथं लावून बघा. जीभ अडखळते की नाही?

कुणी म्हणेल, हे तर चहावाल्याचं वाक्य, याच्यावर एवढी शाई कशाला? तर ऐका. हेच वाक्य आकड्यांचा कोट घालून देशाच्या सगळ्यात मोठ्या कोर्टात जाऊन बसलं होतं. कऱ्हाडच्या सरकारी औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातल्या एका कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालावरच्या शेऱ्यावरून एक प्रकरण निघालं. ते सर्वोच्च न्यायालयात 'सुभाष काशिनाथ महाजन विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावानं पोचलं. २० मार्च २०१८ ला दोन न्यायाधीशांच्या पीठानं निकाल दिला. सरकारी नोकराला अटक करायची तर त्याला नेमणाऱ्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी, इतरांसाठी जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकाची, गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी करायला मोकळीक, आणि अटकपूर्व जामिनाचं बंद दार किलकिलं. कायद्याचा गैरवापर होतो, हा त्यामागचा विचार. आणि त्या विचाराखाली आकडे मांडलेले. २०१५ साली कोर्टांनी निकाली काढलेले खटले १५,६३८. त्यांत सुटका ११,०२४, मागे घेतलेले ४९५, शिक्षा ४,११९. शिवाय २०१६ मध्ये पोलिसांनी तपासाअंती खोट्या ठरवलेल्या अनुसूचित जातींच्या केसेस ५,३४७.

आकडे खरे आहेत. बेरीज बरोबर आहे. मी स्वतः करून बघितली. प्रश्न बेरजेचा नाहीच. प्रश्न असा, की हे आकडे मोजतात काय?

ढोकीच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. तेरणा साखर कारखाना इथंच उभा राहिला. काटा म्हणजे काय आणि उतारा म्हणजे काय हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. ट्रॉली काट्यावर चढली की वजन कळतं. त्या उसातून साखर किती निघणार, हे काटा सांगत नाही. त्याला उतारा काढावा लागतो, त्याची तपासणी वेगळी. उद्या कुणी म्हणालं, वजन जास्त म्हणून ऊस गोड, तर आपण त्याला हसू. आणखी एक. समजा एखादा काटा दर खेपेला एक क्विंटल कमीच दाखवतो. शंभर वेळा ट्रॉली चढवा, शंभर वेळा तोच आकडा. काटा इमानदारीनं चुकतो. बी.एड.च्या पुस्तकांत याला दोन शब्द आहेत. दर वेळी तेच उत्तर येणं ही विश्वसनीयता. आणि जे मोजायचं म्हणतो तेच मोजलं जाणं ही सप्रमाणता. पहिली असली म्हणून दुसरी असतेच असं नाही.

आता ११,०२४ हा आकडा कुठल्या काट्यावरचा? 'कोर्टात गुन्हा शंकेपलीकडं शाबीत झाला नाही' याचा हा काटा. त्यात खोट्या केसेस असतील, मी नाकारत नाही. पण त्यातच फुटलेले साक्षीदार आहेत. त्यातच जातीचा दाखला वेळेवर न जोडलेली प्रकरणं आहेत. १९९५ च्या नियमांतल्या सातव्या नियमानं तपास उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्यानं करू नये असं ठरवलं. तो खालच्यानंच केला म्हणून पडलेले खटले आहेत. त्यातच वर्षानुवर्षं तारखा खाऊन थकलेले फिर्यादी आहेत, ज्यांना त्याच गावात, त्याच पाटलाच्या रानात मजुरीला जायचंय. ही सगळी भेळ एका आकड्यात. आणि त्या भेळीला नाव काय दिलं? गैरवापर. वजन बघून गोडी ठरवली ती अशी.

भारतीय दंड संहितेखालच्या खटल्यांचं बघा. त्याच २०१५ साली निकाल लागलेल्या खटल्यांपैकी निम्म्याहून कमी खटल्यांत शिक्षा झाली. म्हणून चोरीच्या फिर्यादी निम्म्याहून जास्त खोट्या, चोराला धरायच्या आधी वरिष्ठांची परवानगी घ्या, असं कुणी म्हणालं नाही. एकाच मापाचा अर्थ एका कायद्याला एक आणि दुसऱ्याला दुसरा लागला, की समजावं, निष्कर्ष आकड्यांतून निघालेला नाही. तो आधीच मनात होता.

आणि जी बाई पोलीस ठाण्याच्या पायरीवरून परत आली, तिचं काय? तिची ट्रॉली काट्यावर चढलीच नाही. नोंदलेल्या केसेस मोजणारा आकडा न नोंदलेल्यांबद्दल मुका असतो. त्या मुकेपणाचा अर्थ 'सगळं आलबेल' असा लावणं, हासुद्धा तुटका सांधाच.

पुढं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. २ एप्रिल २०१८ चा भारत बंद. रस्त्यावर माणसं मेली. ऑगस्ट २०१८ मध्ये संसदेनं कलम १८अ घालून कायदा पूर्ववत केला. १ ऑक्टोबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाच्याच तीन न्यायाधीशांच्या पीठानं ते निर्देश मागे घेतले. खटला पडण्यामागं सदोष तपास, पुरावा पुढं न येणं अशी कारणं असतात, आणि कुणी खोटी फिर्याद दिली तर तो माणसाचा दोष, जातीचा नव्हे, अशा अर्थाचं त्या पीठानं म्हटलं. १० फेब्रुवारी २०२० ला कलम १८अ वैध ठरलं. म्हणजे एका तुटक्या सांध्याची किंमत माणसांच्या जिवात मोजली गेली. तर्कशास्त्र हा पुणेरी लोकांचा रिकामटेकडा उद्योग आहे, असं ज्याला वाटतं त्यानं हा हिशेब एकदा मांडावा.

आता बाबासाहेबांकडं येऊ. १९४८ साली त्यांचं 'द अनटचेबल्स' आलं. आपल्याकडं हे पुस्तक भाषणात फार येतं, वाचण्यात कमी येतं. त्यांच्यापुढं त्या काळचं वजनदार शास्त्र उभं होतं. रिस्ले नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं लोकांची नाकं मोजून सिद्धांत काढला होता की नाक जितकं रुंद तितकी जात खालची, कारण वंशच वेगळा. नाकाची रुंदी, नाकाची उंची, भागाकार, गुणिले शंभर. मोठं शास्त्रीय दिसायचं. घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात प्रांतवार आकडे मांडून दाखवलं की हे गणित सगळीकडं जुळत नाही. बाबासाहेबांनी तेच आकडे हातात घेतले आणि शत्रूच्याच काट्यावर शत्रूचा माल चढवला. या मापानं ब्राह्मण आर्य ठरत असेल तर अस्पृश्यही आर्य ठरतो, ब्राह्मण द्रविड तर अस्पृश्यही द्रविड. मग वंशभेद राहिला कुठं? जोडीला मराठ्यांची आणि महारांची कुळं सारखी असल्याचा आपल्या मातीतला पुरावा दिला. घाणेरड्या धंद्यामुळं अस्पृश्यता आली म्हणणाऱ्यांना त्यांनी स्मृतींतले दास दाखवले. घाण उपसण्याचं काम दासांकडं होतं आणि दास सगळ्या वर्णांतले होते, ते तर अस्पृश्य झाले नाहीत. लोखंडाचा लाल गोळा! एकच, पण नेमका.

पण माझं लक्ष दुसरीकडं आहे. नाकाच्या त्या विवेचनाला बाबासाहेबांनी एक 'जर' लावलेला आहे. माणसाचा वंश ठरवण्यासाठी शरीरमापनशास्त्र भरवशाचं असेल जर, तर अमुक निघतं. तो 'जर' फार महत्त्वाचा. आपले काही वक्ते तो 'जर' गाळतात आणि स्टेजवरून सांगतात, "बाबासाहेबांनी नाक मोजून सिद्ध केलं!" अरे, आज नाक मोजून वंश ठरवणं शास्त्रातून हद्दपार झालेलं आहे. नाक मोजलं तर नाकच कळतं. उद्या कुणी हे तुमच्या तोंडावर फेकलं तर तुम्ही बाबासाहेबांनाच खाली पाडाल, त्यांनी न केलेल्या दाव्यासाठी. 'जर' ठेवला तर त्यांचा युक्तिवाद आजही पोलादासारखा आहे. तुमचं माप खरं तरी तुम्ही हरलात, खोटं तरी तुम्ही हरलात.

आणि त्याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत स्वतःच्या सिद्धांताबद्दल ते काय म्हणतात? हा शेवटचा शब्द म्हणून माना, असा माझा आग्रह नाही. एवढंच तपासा, की हे गृहीतक आजूबाजूच्या सगळ्या वस्तुस्थितीशी जुळतं का आणि तिला अर्थ देतं का. देत असेल तर तूर्त ते वैध समजा. असा त्यांचा आशय आहे. 'तूर्त' हा शब्द मनात कोरून ठेवा. ज्या माणसामागं लाखो लोक डोळे मिटून चालायला तयार होते, तो म्हणतो, डोळे उघडून तपासा. केसपुत्तच्या कालामांना बुद्धानं तेच सांगितलं होतं. ऐकीव म्हणून नको, ग्रंथात आहे म्हणून नको, गुरू म्हणतो म्हणून नको, नुसत्या तर्काच्या जोरावरही नको.

मग आपण आपला माल त्या काट्यावर चढवतो का? 'शिक्षा कमी लागतात, म्हणून सगळे न्यायाधीश जातीयवादी,' हे आपल्या मोर्च्यातलं वाक्य. चहावाल्याच्या वाक्याचाच हा सख्खा भाऊ. तोच आकडा, तोच तुटका सांधा, फक्त तोंड दुसरीकडं. आपलं दुःख खरं आहे म्हणून आपला प्रत्येक युक्तिवाद वैध होत नाही. आणि खऱ्या दुःखाला लंगडा युक्तिवाद जोडला, की समोरचा लंगडेपणा दाखवून दुःखच खोटं ठरवतो.

चांगलं काम कसं असतं ते बघायचं तर आपल्या अमरावतीकडच्या सुखदेव थोरातांकडं बघा. त्यांनी आणि पॉल ॲटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, लायकी सारखी, बदललं फक्त नाव. दलित नावाला मुलाखतीचं बोलावणं येण्याची संधी सवर्ण हिंदू नावाच्या सुमारे दोन-तृतीयांश निघाली. नेमका आकडा ०.६७. हे २००७ साली प्रसिद्ध झालं. आता 'शिक्षण कमी होतं', 'इंग्रजी येत नव्हतं' या पळवाटा बंद. कारण बाकी सगळं सारखं ठेवलेलं. सांधा पक्का तो असा. पण हद्दही ओळखा. ते अर्ज इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांचे होते. त्यावरून ढोकीच्या शेतमजुराच्या मजुरीबद्दल काही निघत नाही. त्यासाठी वेगळा अभ्यास, आणि तो आपणच करायला पाहिजे.

म्हणून पोरांनो, ढोकी, तेर, येडशीच्या वस्त्यांवर वही घेऊन जाल तेव्हा "अन्याय होतो ना?" असं विचारू नका. त्या प्रश्नात उत्तर आधीच घातलेलं आहे. गेल्या वर्षभरात हॉटेलात कप वेगळा मिळाला का, देवळाच्या गाभाऱ्यापर्यंत गेलात का, सलून मधे बसायला दिलं का, असं एकेक विचारा. ११ राज्यांतल्या ५६५ गावांतून अस्पृश्यतेची पाहणी झाली, ती २००६ साली ग्रंथरूपानं आली, तीसुद्धा एकेक प्रथा वेगळी घेऊनच. आपल्या ओळखीच्या चार घरांत जाऊन परत फिरू नका. शेवटच्या घराला जा, मातंग वस्तीत जा, पारध्यांच्या पालावर जा, एकट्या बाईला बाईनं विचारा. आणि 'नाही, असं काही होत नाही' हे उत्तर आलं तर तेही लिहा. आपल्या सोयीचं नाही म्हणून गाळलेलं उत्तर म्हणजे आपणच मारलेला काटा.

आणि स्टँडवर पुन्हा ते वाक्य ऐकू आलं तर उठून जाऊ नका. बसा. चहा सांगा. चार प्रश्न विचारा. पडलेली प्रत्येक केस खोटी असते का? नितीन आगेच्या खटल्याचं काय? हा आकडा नक्की काय मोजतो? आणि हेच माप तुम्ही चोरीच्या केसला लावता का? आवाज चढवायची गरज नाही. चौथ्या प्रश्नापर्यंत तो बोलायचा थांबला नाही तरी शेजारच्या बाकावरचे दोघं-तिघं ऐकत असतात. ते वाक्य दुसऱ्या दिवशी त्यांच्या तोंडातून तितक्या सहज निघणार नाही.

जयभीम.